आधी उघडून दाखवा: बंदुकीच्या दुकानात आणि शूटिंग रेंजवर पहिल्यांदा जाणाऱ्या इंदूरकरांसाठी

शूटिंग शिकायचं ठरवलं की दोन दरवाजे ओलांडावे लागतात. एक बंदुकीच्या दुकानाचा, दुसरा रेंजचा. दोन्हीकडची माणसं तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत ओळखतात. तुम्हाला किती येतं हे ती बघत नाहीत. नळी कुठे वळते, बोट कुठे आहे आणि तोंडातून काय निघतं, एवढंच बघतात. नवख्याला काही येत नसेल तर सगळे आनंदाने शिकवतात. पण एक वाक्य उच्चारलं की समोरचा माणूस सावध होतो. ते वाक्य म्हणजे, ‘अहो, रिकामी आहे.’

हत्यारांच्या पुष्कळशा अपघातांत गोळी सुटण्याआधी कुणीतरी हे वाक्य बोललेलं किंवा मनाशी धरलेलं असतं. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. हत्यार रिकामं आहे हे सांगायचं नसतं, उघडून दाखवायचं असतं. दुसऱ्यानेही ते ऐकून मानायचं नसतं, स्वतः बघायचं असतं.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरची दोन आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेचं एक कांस्यपदक घराघरांत पाहिलं गेलं. आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर स्वप्निलच्याच ५० मीटर रायफलच्या प्रकारात उतरला होता. ते बघून मुलांना रेंजवर न्यावंसं वाटणं स्वाभाविक आहे. नेण्याआधी एवढं वाचून घ्या.

१. निघण्याआधी

आधी कायद्याचं थोडक्यात. आयुध नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर, म्हणजे .१७७ बोअरपर्यंतच्या (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचं माप) आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही. बोअर किंवा ऊर्जा याहून जास्त असेल तर लागतो. .२२, .३२, १२ बोअर या सगळ्यांना परवाना हवाच. परवान्यासाठी वय किमान २१. त्याहून लहान मुलांना नियमांत बसणाऱ्या प्रशिक्षणात, देखरेखीखाली नेमबाजी करता येते, पण हत्यार त्यांच्या नावावर होत नाही.

दुकानात जाताना बरोबर घ्या:

- फोटो असलेलं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, मूळ आणि प्रत दोन्ही
- परवाना असेल तर मूळ परवाना. मोबाईलमधला फोटो चालत नाही. काडतुसांची नोंद त्याच कागदावर किंवा पुस्तिकेत होते.
- परवान्यावर यूआयएन क्रमांक (परवान्याचा एकमेव ओळख क्रमांक) छापलेला आहे ना, हे घरीच बघा. जुन्या पुस्तिकेवर तो नसेल तर दुकानदार पुढे जाऊच शकत नाही.
- खरेदीची मुदत. नवीन परवान्यावर हत्यार कधीपर्यंत घ्यायचं ते लिहिलेलं असतं. मुदत संपल्यावर दुकानात हुज्जत घालून उपयोग नाही, ती परवाना देणारं कार्यालयच वाढवतं.

रेंजवर जाताना बंद बूट, बंद गळ्याचा शर्ट आणि डोक्यावर टोपी. बंद गळा कशासाठी? .२२ च्या पिस्तुलातून उडालेलं रिकामं काडतूस चांगलंच गरम असतं. ते गळ्यातून आत गेलं की माणूस भरलेलं पिस्तूल हातात धरून नाचायला लागतो, आणि त्या नाचात नळी कुठे जाईल ते सांगता येत नाही. चप्पल याच कारणासाठी नको. आदल्या रात्री दारू घेतली असेल, झोप आणणारं खोकल्याचं औषध घेतलं असेल, तर त्या दिवशी जाऊ नका.

२. दुकानात: हत्यार हातात घेण्याची पद्धत

स्वतःचं हत्यार दुरुस्तीला किंवा तपासणीला नेत असाल तर ते घरीच रिकामं करा, खोक्यात किंवा कव्हरमध्ये घाला, काडतुसं वेगळ्या पिशवीत ठेवा. दुकानात शिरल्या शिरल्या कव्हर उघडायचं नाही. कमरेचं पिस्तूल काढून काउंटरवर ठेवायचं तर मुळीच नाही. ‘दुरुस्तीसाठी आणलंय, कुठे उघडू?’ असं विचारायचं. दुकानदार जागा दाखवेल.

दुकानातलं हत्यार बघायचं असेल तर शोकेसकडे बोट दाखवा, हात घालू नका. दुकानदार ते बाहेर काढेल, उघडेल, आत बघेल, मग तुमच्या हातात देईल. तो उघडून देत नसेल तर तुम्ही म्हणा, ‘जरा उघडून दाखवता का?’ यात त्याचा अपमान नाही. उलट हे वाक्य ऐकून चांगला दुकानदार तुम्हाला जास्त वेळ देतो.

हातात आल्यावर तुम्ही पुन्हा तपासायचं. प्रत्येक प्रकाराची रीत वेगळी:

*दुनळी १२ बोअर.* वरचा खटका आडवा सरकवा, नळ्या खाली मोडतील. दोन्ही घरं, म्हणजे काडतूस बसतं त्या जागा, आरपार दिसली पाहिजेत. जुन्या बंदुकीत एका नळीत अडकलेलं फुगीर काडतूस तसंच राहिलेलं असू शकतं, म्हणून एक घर बघून थांबू नका.

*रिव्हॉल्व्हर.* आयुध निर्माणीचं .३२ रिव्हॉल्व्हर वरून मोडतं. पूर्ण उघडा आणि सहाही घरं मोजा. बंद करताना एका हाताने झटका देऊन मिटवू नका, बिजागरी आणि कडी ढिली होते. दोन्ही हातांनी सावकाश मिटवा.

*पिस्तूल.* इथे क्रम चुकला की सगळं चुकतं. आधी मॅगझिन (मुठीतली काडतुसांची पेटी) बाहेर, मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे. आधी स्लाइड ओढली तर चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या मागच्या घरातलं, काडतूस बाहेर पडतं, माणसाला वाटतं झालं रिकामं, आणि हात सोडताच मॅगझिनमधलं पुढचं काडतूस आत जाऊन बसतं. मग तो मॅगझिन काढतो आणि ‘रिकामी आहे’ म्हणत चाप दाबतो. घरात असे अपघात याच क्रमाने होतात. मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून अडकवा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा, मग करंगळीने चाचपा.

*.३१५ रायफल.* बोल्ट (मागचा दांडा) वर उचलून पूर्ण मागे घ्या. चेंबर आणि खालचं मॅगझिन दोन्ही बघा.

आता नळी. दुकान लहान असतं, माणसं जवळजवळ उभी असतात, मग लोक नळी छताकडे करतात आणि निर्धास्त होतात. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या पेठांत दुकानाच्या वर घर असतं, हे विसरू नका. वरच्या माळ्यावर कुणाची तरी आई भाजी निवडत बसलेली असू शकते. म्हणून ‘नळी कुठे धरू?’ हा प्रश्न विचारायचाच. पुष्कळ दुकानांत वाळूची पेटी किंवा जाड भिंतीची एक दिशा ठरलेली असते.

बोट चापाच्या कडीबाहेर, नळीच्या रेषेत सरळ. नेम धरून बघायचा असेल तर आधी विचारा, आणि रस्त्याकडे, आरशाकडे किंवा काउंटरपलीकडच्या पोऱ्याकडे नेम धरू नका. चाप ओढून बघायची तर परवानगीशिवाय नाहीच. .२२ सारख्या रिमफायर (पिन काडतुसाच्या कडेवर आपटून उडणाऱ्या) हत्यारात रिकामा चाप ओढला की पिन चेंबरच्या कडेवर आपटते आणि कड चेपते. पुढे काडतुसं नीट बसत नाहीत. नुकसान दुकानदाराचं, आणि कारण कुणालाच कळत नाही.

परत देताना उघडंच द्या. घामाच्या हाताचे ठसे काळ्या पॉलिशवर गंज धरतात, तेव्हा लोखंडाला कमीत कमी हात लावा.

३. दुकानात जी वाक्यं बोलू नयेत

ही वाक्यं लोक गमतीत बोलतात. दुकानदार ती गमतीत घेऊ शकत नाही, कारण त्याचा स्वतःचा परवाना पणाला लागलेला असतो. २१ वर्षांखालच्या किंवा मानसिक तोल ढळलेल्या माणसाला हत्यार विकायला आयुध कायदा, १९५९ च्या कलम ९ ने त्याला मनाई आहे. तशी शंका आली तरी त्याने थांबायचं असतं. त्यामुळे समोरच्याच्या बोलण्याकडे त्याचं लक्ष असणं हा त्याच्या कामाचाच भाग आहे.

‘भिया, बिना लाइसेंस का कुछ मिलेगा क्या?’ इंदुरात हे वाक्य विशेष जड पडतं. खरगोन, धार, बडवानी भागातून येणारे बेकायदा कट्टे (गावठी पिस्तुलं) पकडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रात सारख्या येत असतात. परवानाधारक दुकानात हे विचारणं म्हणजे त्याच्यावर गुन्ह्याचा संशय घेणं. तो तुम्हाला बाहेर काढेल आणि ते योग्यच आहे.

‘शेजाऱ्याला फक्त घाबरवायचं आहे.’ भांडणात हत्यार नुसतं दाखवून धमकावणं हाही गुन्हाच. हे वाक्य बोलल्यावर सभ्य दुकानदार काहीच विकणार नाही.

‘याने माणूस मरतो का?’ नवख्याला खरं विचारायचं असतं ते ऊर्जेबद्दल किंवा पल्ल्याबद्दल. मग तसं विचारा: ‘ही किती ज्यूलची आहे? किती मीटरवर सरावाला चांगली?’

‘एअरगन हवी, गच्चीवरची कबुतरं आणि गल्लीतली कुत्री फार झालीत.’ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा. एवढं सोडलं तरी गच्चीवरून मारलेला छर्रा पक्ष्याला लागला नाही तर समोरच्या खिडकीत जातो. छऱ्याने डोळा जायला एक क्षण पुरतो.

‘लाइसेंस तुम्हीच करवून द्या ना, काय लागेल ते बोला.’ परवान्याचा अर्ज केंद्राच्या पोर्टलवर, ए-१ नमुन्यात, स्वतः भरायचा असतो. पोलीस पडताळणी, वैद्यकीय प्रमाणपत्र, सुरक्षित वापराचं प्रशिक्षण, हे सगळं तुमच्या नावाने व्हायचं. मध्ये कुणी पैसे घेऊन ‘करून देतो’ म्हणाला तर त्या अर्जात खोटी माहिती भरली जाण्याची भीती असते, आणि खाली सही तुमची.

‘लग्नात दोन-चार हवेत उडवायच्या आहेत.’ २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात गोळीबार करून इतरांच्या जिवाला धोका आणणं हा वेगळा गुन्हा झाला आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच, आणि वरातीत लहान मुलं असतात.

दुकानात इतर गिऱ्हाइकांशी बोलताना त्यांच्या घरी किती हत्यारं आहेत, कुठे ठेवतात, हेही विचारायचं नाही. आपलंही सांगायचं नाही. चोराला हवी असलेली माहिती तीच असते.

४. काडतूस घेताना

इथे घाई फार महाग पडते. नळीवर आणि काडतुसाच्या बुडावर जे कोरलं आहे ते अक्षरशः जुळलं पाहिजे. ‘बसतंय ना’ ही कसोटी नव्हे.

१२ बोअरच्या बंदुकीत चुकून २० बोअरचं काडतूस गेलं तर ते सरकून चेंबरच्या पुढे नळीत अडकतं. बाहेरून घर रिकामं दिसतं. माणूस वर १२ बोअरचं भरतो आणि उडवतो. पुढे वाट बंद, मागे दाब. नळी फुटते, आणि फुटते ती डाव्या हाताच्या जागेजवळ. म्हणून दोन बोअरची काडतुसं एका पिशवीत, एका खिशात, एका कपाटात कधीही ठेवायची नाहीत.

१२ बोअरमध्ये लांबीही बघायची. जुन्या बंदुकांची चेंबर ६५ मिलिमीटरची असतात. ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात बसतं, कारण उडाल्यावरच त्याचं तोंड पूर्ण उलगडतं. पण उलगडायला जागा नसल्याने दाब वाढतो. आजोबांच्या काळातली बंदूक असेल, नळीवर लाटांसारखी नक्षी दिसत असेल, तर ती पीळ दिलेल्या पट्ट्यांची नळी असू शकते. अशी बंदूक कसबी कारागिराला दाखवल्याशिवाय आजच्या काडतुसांनी उडवू नका.

.३२ मध्ये तर नावानेच फसगत होते. रिव्हॉल्व्हरचं .३२ लांब, बुडाला बाहेर आलेली कड असलेलं; पिस्तुलाचं .३२ आखूड. पिस्तुलाचं काडतूस काही रिव्हॉल्व्हरमध्ये बसल्यासारखं वाटतं. वापरायचं नाही. दुकानात ‘बत्तीसच्या द्या’ एवढंच म्हणू नका, ‘रिव्हॉल्व्हरच्या बत्तीसच्या’ म्हणा आणि परवान्यावरची नोंद दाखवा.

पावसाळ्यात फुगलेली, हिरवट डाग पडलेली काडतुसं उन्हात वाळवून वापरायची नाहीत. कचरागाडीतही टाकायची नाहीत. इंदुरात कचरा वेगळा करायची सवय सगळ्यांना आहे, पण जिवंत काडतूस कुठल्याच डब्यात बसत नाही. पुढे तो कचरा यंत्राने दाबला जातो आणि तिथे माणसं काम करत असतात. दुकानदाराला दाखवा, तो रीतसर मार्ग सांगेल.

आणखी एक सापळा. रेंजची पिशवी रेंजलाच वापरा. तीच पिशवी घेऊन देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर गेलात आणि तळाच्या शिवणीत एक .२२ चं काडतूस राहिलं, तर विमान चुकतं आणि पोलीस ठाणं गाठावं लागतं. रिकामी पुंगळी आठवण म्हणून किल्ल्यांना अडकवणंही टाळा.

५. रेंज निवडताना आणि पहिल्यांदा आत जाताना

महूला सैन्याचं मार्क्समनशिप युनिट आहे, इंदुरात सीमा सुरक्षा दलाची हत्यारांची शाळा आणि रेवती रेंज आहे. ही दलांची ठिकाणं आहेत, आपण होऊन जायची नाहीत. आपल्याला हवा असतो राज्य रायफल असोसिएशनशी जोडलेला क्लब, जिथे १० मीटरची एअर रेंज असते. शहरात गाळ्यांमध्ये किंवा तळघरांत चालणाऱ्याही रेंजेस असतात. तिथे पैसे भरण्याआधी बघून घ्या: लेनच्या (नेमबाजीच्या पट्ट्याच्या) मागे छर्रे थांबवणारी नीट पेटी आहे का, फायरिंग पॉइंट (नेमबाज उभा राहतो ती जागा) आणि टार्गेटच्या मध्ये बाजूचं दार उघडत नाही ना, हवा बाहेर काढणारा पंखा आहे का, आणि कुणीतरी एकच माणूस रेंज ऑफिसर म्हणून उभा असतो का. शेवटची गोष्ट नसेल तर बाकीचं कितीही चकचकीत असो, परत या.

आत जाताना मोठ्याने ‘मी नवीन आहे’ सांगा. हे सांगायला लोकांना लाज वाटते, आणि मग ते शेजारच्या लेनमधल्याचं बघून करायला जातात. शेजारचा डावखुरा असेल तर सगळंच उलटं शिकून येतात.

६. फायरिंग पॉइंटवर

खोकं फायरिंग पॉइंटवरच उघडायचं, नळी टार्गेटकडे करून. खोक्यात हत्यार कुठल्या दिशेने ठेवलं आहे ते घरीच बाहेरून खूण करून ठेवा. नाहीतर झाकण उघडताच नळी मागे बसलेल्यांकडे असते.

बाहेर काढल्यावर नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नारिंगी-पिवळ्या रंगाची दोरी, मागच्या चेंबरपासून पुढच्या तोंडापर्यंत आरपार. ती दिसते आहे तोवर हत्यार रिकामं असल्याचं लांबूनही कळतं. इथे बोलण्याची गरजच उरत नाही.

हुकूम चारच: लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. ‘लोड’ ऐकल्याशिवाय छर्रा घालायचा नाही. ‘स्टॉप’ ऐकल्यावर नेम धरलेला असला, श्वास रोखलेला असला, चाप अर्धा दाबलेला असला तरी बोट बाहेर. ‘ही एक शेवटची’ म्हणून मारलेली गोळी रेंजवर सर्वात मोठा अपराध समजली जाते. आणि ‘स्टॉप’ कुणीही ओरडू शकतो. पहिल्याच दिवशी आलेल्या मुलाला टार्गेटजवळ कुणी दिसलं तर त्याने ओरडायचंच.

पुढे टार्गेट बदलायला माणूस गेलेला असताना हत्याराला हात लावायचा नाही. साफ करायला नाही, दुर्बीण नीट करायला नाही, सरकवायलाही नाही. टेबलापासून एक पाऊल मागे, हात मोकळे.

सर्वात जास्त घडणारी चूक आता. चांगला नेम लागला की माणूस आनंदाने मागे वळतो, ‘पाहिलं का?’ म्हणायला. पिस्तूल हातातच असतं, हात शरीराबरोबर फिरतो, आणि नळी एका फेरीत मागच्या सगळ्यांवरून जाते. रायफल लांब असल्याने वळताना अडखळते, पिस्तूल अडखळत नाही, म्हणून नवख्याला पिस्तूल जास्त धोक्याचं. उपाय असा: आधी हत्यार टेबलावर, मग हात रिकामे, मग मान वळवा. आई-बाबा मागे उभे असतील तर त्यांनीही नाव घेऊन हाक मारू नये. हाक ऐकली की मूल वळतं.

फोटो आणि सेल्फी रेंज ऑफिसरला विचारून, फ्लॅग लावलेल्या हत्याराबरोबर, नळी टार्गेटकडेच ठेवून. कपाळाला पिस्तूल लावून फोटो काढणाऱ्याला चांगली रेंज पुन्हा आत घेत नाही.

कान आणि डोळे झाकायचे. .२२ चा आवाजही १४० डेसिबलच्या घरात जातो, आणि कानाची झालेली हानी भरून येत नाही. चष्मा एअर रेंजवरही लावा, शिशाचे कण पेटीवरून उसळतात. .२२ ची गोळी दीड किलोमीटरहून जास्त जाऊ शकते, तेव्हा मोकळ्या रेंजवर बांधाच्या वर नळी जाऊ देऊ नका.

७. चाप दाबला आणि काही झालं नाही

नळी टार्गेटकडेच धरून ठेवा. तोंडाजवळ आणून आत डोकावू नका. मोकळा हात वर करा आणि किमान ३० सेकंद थांबा. काडतुसातली दारू कधीकधी उशिरा पेटते. रेंज ऑफिसर आल्यावर त्याच्या समोर उघडा.

याहून फसवी अवस्था म्हणजे ‘फुस्स’. आवाज बारीक आला, धक्का लागलाच नाही, तर गोळी नळीत अर्ध्यावर अडकलेली असू शकते. हौशी माणूस ‘अरे, हलकी गेली’ म्हणून लगेच दुसरी मारतो आणि नळी फुगते किंवा फुटते. आवाज वेगळा वाटला की थांबायचं, उघडायचं, रिकामं करायचं, नळीतून उजेड दिसतो का ते मागच्या बाजूने बघायचं.

८. स्प्रिंगची एअरगन

घरोघरी येते ती हीच, नळी मोडून भरायची. खेळणं समजून हिच्याशी जास्त निष्काळजीपणा होतो. नळी मोडलेली असताना स्प्रिंग पूर्ण ताणलेली असते. त्या अवस्थेत चाप सुटला तर नळी जोरात वर येते आणि छर्रा बसवणाऱ्या बोटांचा चेंदा होतो. म्हणून छर्रा घालताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवायची, सेफ्टीवर विसंबायचं नाही. छर्रा न घालता उडवू नका, पिस्टनला हवेची गादी मिळत नाही आणि तो धाडकन आपटतो. तेल पिस्टनच्या घरात सोडू नका, दाबाने ते पेटतं.

हवेच्या सिलिंडरवाल्या पिस्तुलात सिलिंडर साधारण २०० बारपर्यंत भरतात. त्यावर तारीख असते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांत १० वर्षांहून जुना सिलिंडर चालत नाही, सरावातही चालवू नका. फक्त कोरडी दाबलेली हवा भरा. ऑक्सिजन तेलाच्या थेंबाला लागला तर स्फोट होतो.

९. शिसं आणि पोहे

सकाळची रेंज आणि बरोबर कागदात बांधलेले पोहे-जिलबी, हे इंदुरात ओघानेच येतं. फायरिंग पॉइंटवर खाऊ नका. छर्रे शिशाचे असतात, बोटांना लागलेलं शिसं तोंडात जातं. छर्रे दातात धरून भरायची सवय काहींना असते, ती मुलांना लागू देऊ नका. संपल्यावर गार पाण्याने आणि साबणाने हात, मग तोंड धुवा, आणि मगच पोह्यांची पुडी सोडा. कपडे वेगळे धुवा. लेन कोरड्या झाडूने झाडू नका, धूळ उडते. गरोदर बाईने आणि लहान बाळाने रेंजच्या आत बसू नये.

१०. घरी परतल्यावर, आणि खंडेनवमीला

हत्यार आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपांत, किल्ल्याही वेगवेगळ्या. मुलांना किल्लीची जागा माहीत नसते, असं समजू नका. घरातलं परवानाधारक माणूस वारलं असेल तर हत्यार ‘बाबांची आठवण’ म्हणून कपाटात ठेवून द्यायचं नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करा, आणि वारसाच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करा.

आपल्या मराठी घरांत खंडेनवमीला किंवा दसऱ्याला शस्त्रं पूजेला काढतात. वर्षभर न हाताळलेलं हत्यार त्या दिवशी पाच-सहा हातांतून फिरतं, तेही घाईत. आदल्या दिवशी एकाच जबाबदार माणसाने ते बाहेर काढावं, उघडून दोघांना दाखवावं, काडतुसं त्या खोलीतच नसावीत. पाटावर उघडंच ठेवा, नळी भिंतीकडे. हळद-कुंकू आणि फूल लाकडी दस्त्यावर वाहा. अक्षता, फुलाची पाकळी किंवा कुंकवाचं बोट नळीच्या तोंडाशी नको. चार तांदूळ नळीत राहिले तरी पुढच्या वेळी ती वाट अडवतात, आणि ओलं कुंकू आठवड्यात गंज धरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेलाच्या फडक्याने सगळं लोखंड पुसा, उघड्या नळीतून मागच्या बाजूने उजेडाकडे बघा, आरपार स्वच्छ गोल दिसला की मिटवून कुलपात ठेवा.